जुना मासा मजेत, नवा तिसऱ्या दिवशी गेला. पुढचा गोल्डफिश कधी आणू?

चिमणघास (रविवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे ९० लिटरची टाकी आहे, तीन वर्षं झाली. सुरुवातीपासून दोन गोल्डफिश, एक ओरांडा (डोक्यावर तो लाल गोंडा असतो ना, म्हणून लेकीने नाव ठेवलं टोपीवाला) आणि एक ब्लॅक मूर. महिन्यापूर्वी मूर गेला. आजारी असा दिसला नाही, दोन-तीन दिवस तळाशी बसून होता आणि एका सकाळी आडवा. टोपीवाला एकटा पडला म्हणून दहाव्या दिवशी एक छोटा फॅनटेल आणला. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडला, म्हणजे सांगतात तसंच सगळं केलं. पहिल्या दिवशी सारखा वर येऊन तोंड उघडझाप करत होता, दुसऱ्या दिवशी पर मिटून कोपऱ्यात, तिसऱ्या दिवशी गेला. लेक त्या दिवशी कुणाशी बोलली नाही.

आणि टोपीवाल्याला काहीही नाही! काचेशी येऊन खाणं मागतोय, पाणी पण आरशासारखं स्वच्छ.

तर नवा मासा आता किती दिवसांनी आणायचा? कुणी आठ दिवस म्हणतं, कुणी महिना. एकटा ठेवला तर टोपीवाला झुरून जाईल अशीही भीती वाटतेय.

बुडबुडे (रविवार, रात्री ९:३०)
वाईट वाटलं वाचून. टोपीवाला नाव मात्र फार गोड :)
दोन आठवडे थांबा, थोडं पाणी बदला आणि आणा. मी तरी असंच करतो.

तळ्यातमळ्यात (रविवार, रात्री ९:४१)
दिवस मोजून काही कळत नाही हो. टेस्ट किट आहे का तुमच्याकडे? अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल), हे चार आकडे आधी द्या. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या आणि नायट्रेटची दुसरी बाटली वापरायच्या आधी चांगली अर्धा मिनिट जोरात हलवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. आणि पाणी किती वेळा, किती बदलता? फिल्टर कसा धुता?

अबोली_ (रविवार, रात्री १०:०५)
माझाही साधारण हाच प्रश्न आहे पण टाकी नवीकोरी आहे. काल पाणी भरून फिल्टर चालू केलाय. मासे आठवड्याने सोडले तर चालतील का? की वेगळा धागा काढू?

तळ्यातमळ्यात (रविवार, रात्री १०:२२)
@अबोली_, इथेच विचारा, मूळ मुद्दा एकच आहे. आठवडाभर नुसता फिल्टर चालवून काही होत नाही, कारण टाकीत घाण पचवणाऱ्या जिवाणूंना खायलाच काही नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक. नायट्रेट त्यामानाने सौम्य, ते पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर चिकटून असतात आणि वाढतात फार सावकाश.

म्हणून मासे सोडायच्या आधी बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबाने घालून टाकीत २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) करा (सुगंध किंवा साबण मिसळलेला नको) आणि रोज टेस्ट करत राहा. आधी अमोनिया उतरायला लागेल, मग नायट्राइट आकाशाला भिडेल, मग तेही उतरेल. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं दोन-तीन दिवस सलग आलं की टाकी तयार. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, पाणी गार असेल तर जास्तच. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं आणि मासे सोडायचे. मध्येच पाणी दुधाळ होईल, घाबरू नका, आणि ते निवळलं म्हणजे टाकी तयार झाली असंही समजू नका.

कुणा ओळखीच्याची जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. ओलाच ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. महिन्याचं काम दोनेक आठवड्यांवर येऊ शकतं.

अबोली_ (रविवार, रात्री १०:३०)
बाप रे, सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसायचं! पण करते. धन्यवाद.

जुनाजाणता (सोमवार, सकाळी ७:१५)
आम्ही बारा वर्षं मासे पाळतोय, टेस्ट किट कधी आणलं नाही. पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं, सकाळी घालायचं, मासा सकाळी सोडायचा म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. आजकाल फार शास्त्र झालंय. गोल्डफिश मूळचा कार्पच्या जातीतला, काटक जीव आहे. आठ दिवसांनी खुशाल आणा ताई.

किमयागार (सोमवार, सकाळी ८:०२)
काका, तुमच्या बारा वर्षांच्या अनुभवाचा मान ठेवूनच सांगतो, रात्रभर बादलीत ठेवण्याचा उपाय साध्या क्लोरिनला चालतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनिया जोडलेलं) असेल तर ते रात्रभरात उडून जात नाही. त्याला कंडिशनरच (नळाचं पाणी माशांसाठी सुरक्षित करणारं द्रावण) लागतो, आणि नुसतं थायोसल्फेट (साधं क्लोरिन काढणारं रसायन) घातलं तर क्लोरिन जाऊन अमोनिया मागे उरतो. आणि काटक म्हणाल तर काटक असण्याचाच तोटा होतो, हा मासा वाईट पाण्यात महिनोन्महिने तग धरतो आणि आपल्याला वाटतं पाणी चांगलं आहे.

@चिमणघास, मला थोडी शंका आहे पण आकडे आल्याशिवाय बोलत नाही. नळाचंही पाणी टेस्ट करा, वेगळं.

मत्स्यगंधा (सोमवार, दुपारी १:४०)
पाण्याचं बाकीचे सांगतीलच, मी फक्त एक गोष्ट जीव तोडून सांगते. पाणी कितीही चांगलं असो, नवा मासा सरळ मोठ्या टाकीत सोडू नका. निदान चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

माझ्याकडे सात गोल्डफिश होते, सगळे हाताने वाढवलेले. आठवा आणला, एक लालपांढरा र्‍युकिन, दिसायला राजबिंडा. त्याच्या शेपटीच्या मुळाशी एक पांढुरका धागा लोंबत होता, जेमतेम नखाएवढा, मला वाटलं विष्ठा चिकटलीय. दोन दिवसांनी बघितलं तर धागा तिथेच आणि त्याच्या मुळाशी लाल फोड. तो अँकर वर्म होता. माशाच्या अंगात डोकं रुतवून बसतो आणि बाहेर लोंबते ती मादी, अंड्यांच्या दोन पिशव्यांसकट. मला कळेपर्यंत तिने टाकीत अंडी सोडली होती. पुढच्या दीड महिन्यात चार मासे गेले. मी रोज संध्याकाळी चिमटा घेऊन बसायचे, एकेकाला ओल्या फडक्यात धरून धागे ओढायचे, माझे हात थरथरायचे. उरलेल्या तिघांच्या अंगावर अजून व्रण आहेत.

टबाला मोठा खर्च नाही. ४० लिटरचा साधा प्लॅस्टिकचा टब, एअर पंप, स्पंज फिल्टर, वर जाळी कारण घाबरलेला मासा उडी मारतो. फक्त तो स्पंज कोरा नको, आधी महिनाभर मोठ्या टाकीत पडून राहिलेला हवा, नाहीतर टबातच अमोनिया चढतो.

जुनाजाणता (सोमवार, दुपारी ३:१०)
मत्स्यगंधा, वाचून गलबलून आलं. पण मी कधीच वेगळा ठेवला नाही आणि माझ्याकडे असं झालेलं नाही. नवा मासा टबात एकटा घाबरतो, त्या धास्तीनेच आजारी पडतो असं माझं मत आहे. निवडतानाच नीट निवडायचा. सगळे पर उघडे, पाण्याच्या मधल्या थरात पोहणारा, अंग दगडावर न घासणारा, आणि त्याच्या टाकीत एकही मेलेला मासा नसलेला.

मत्स्यगंधा (सोमवार, दुपारी ३:२५)
निवडण्याबद्दल शंभर टक्के सहमत काका. पण पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कल्ल्यांत असला तर बाहेरून दिसतच नाही. गोल्डफिशचा एक हर्पिस विषाणूही आहे, जपानमध्ये १९९२ साली त्याची साथ आली होती, तो वरून ठणठणीत दिसणाऱ्या माशातही दडून असू शकतो. डोळ्याने काय काय ओळखणार?

कोराकागद (सोमवार, संध्याकाळी ६:००)
अवांतर: एकटा मासा झुरून मरतो का खरंच? आणि त्यांना तीन सेकंदांपुरतंच आठवतं म्हणतात, मग जोडीदार गेलेला तरी कळतो का?

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:५०)
तीन सेकंदांची गोष्ट साफ खोटी आहे. ठरावीक वेळी तरफ दाबली की खाणं मिळतं हे गोल्डफिश शिकतात आणि त्या वेळेला तिथे येऊन थांबतात, तसे प्रयोग झालेत. माझा कॉमेट (लांब शेपटीचा गोल्डफिश) मी रात्री कामावरून आलो की दिवा लागायच्या आधी, नुसत्या किल्लीच्या आवाजाने वर येतो.

झुरण्याबद्दल माझं मत, सोबत त्यांना आवडते, कळपाने फिरणारा जीव आहे, पण एकटेपणाने पाच-सहा आठवड्यांत मासा जात नाही. घाईने आणलेल्या सोबत्याने मात्र दोन्ही जाऊ शकतात. आयुष्य मोठं असतं हो यांचं, नीट ठेवला तर १० ते १५ वर्षं सहज. टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ मध्ये जत्रेत जिंकलेला, तो १९९९ पर्यंत होता, ४३ वर्षं! त्या हिशोबात टोपीवाल्याचा एखादा महिना म्हणजे काहीच नाही.

चिमणघास (बुधवार, रात्री ८:३५)
किट आलं. लेक आणि मी दोघी नळ्या घेऊन बसलो होतो. आकडे देते.

टाकी: अमोनिया २, नायट्राइट ०, नायट्रेट तर कार्डावरचा सगळ्यात गडद लाल म्हणजे १६०, बाटली नीट हलवली होती. पीएच सगळ्यात खालचा पिवळा, ६.
नळ: अमोनिया ०, नायट्रेट ५, पीएच सगळ्यात वरचा निळा, ७.६, कदाचित त्याहून जास्त.

पाणी उडून कमी झालं की वरून भर घालते आणि महिन्यातून एखादी बादली बदलते, पाणी स्वच्छ दिसायचं म्हणून जास्त कधी बदललं नाही. फिल्टरचा स्पंज दर आठवड्याला नळाखाली खळखळून पांढरा होईपर्यंत धुते. हे चुकीचं आहे का? आकडे बघून पोटात गोळा आलाय.

बुडबुडे (बुधवार, रात्री ८:४१)
आत्ताच्या आत्ता सगळं पाणी बदला! अमोनिया २ म्हणजे विष आहे.

किमयागार (बुधवार, रात्री ८:४६)
थांबा!! चिमणघास, हे आधी वाचा, सगळं पाणी अजिबात बदलू नका. टोपीवाला एका रात्रीत जाईल.

मला हीच शंका होती. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बऱ्यापैकी निरुपद्रवी. कुठलं रूप किती ते पीएच ठरवतो, तापमानही थोडं ठरवतं. पीएच ६ ला जवळजवळ सगळा निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून टोपीवाला मजेत दिसतोय. पीएच एकाने वाढला की विषारी भाग साधारण दहापट होतो. तुमच्या नळाचं पाणी ८ च्या आसपास असेल तर ९० टक्के पाणी बदलल्यावर उरलेला ०.२ अमोनियासुद्धा आत्ताच्या २ पेक्षा जास्त विखारी ठरेल, वर एकदम पीएच उसळल्याचा धक्का वेगळाच.

हे झालं कसं ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांच्या टाकीत असं होत असणार. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि पाण्यातला क्षार ते आम्ल मारत राहतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साधारण ७ मिलिग्रॅम क्षार खर्ची पडतो. पाणी बदलत राहिलं की क्षार पुन्हा भरला जातो. तुमच्याकडे तीन वर्षं तो फारसा भरलाच गेला नाही, हळूहळू संपला, पीएच घसरला, आणि एवढ्या आम्लात जिवाणूंचं काम जवळपास ठप्प होतं, म्हणून अमोनिया साठला. स्पंज नळाखाली धुण्याने उरलेसुरले जिवाणूही क्लोरिनने मेले. टोपीवाला या सगळ्याला रोज थोडाथोडा सरावत गेला. फॅनटेल बिचारा चांगल्या पाण्यातून पंधरा मिनिटांत पीएच ६ आणि नायट्रेट १६० मध्ये उतरला. पिशवी तरंगत ठेवून फक्त तापमान जुळतं, बाकी काही नाही.

तळ्यातमळ्यात (बुधवार, रात्री ९:०८)
किमयागारांना पूर्ण अनुमोदन. चिमणघास, चूक तुमच्या मायेत नाही, पाणी स्वच्छ दिसतं म्हणून सगळेच फसतात. आता काय करायचं ते लिहितो.

रोज फक्त १० टक्के, म्हणजे ९ लिटर बदला. तापमान जुळवून, अमोनिया बांधून ठेवणारा कंडिशनर घालून, आणि पाणी पेल्यापेल्याने सावकाश ओता. खाणं एक दिवसाआड, चिमूटभरच. गोल्डफिशला जठर नसतं, दिलं तेवढं खात जातो आणि मागून सोडत जातो, म्हणून कमी दिलेलं बरं. रोज संध्याकाळी पीएच आणि अमोनिया लिहून ठेवा. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, पांढरा करायचा नाही, तो मळकटपणा म्हणजेच आपले जिवाणू. आणि आणखी एक नवा स्पंज फिल्टर आजच टाकीत लावून ठेवा, पुढे टबासाठी कामाला येईल.

जुनाजाणता (गुरुवार, सकाळी ७:००)
रात्री हा धागा वाचला आणि शेजारच्या पोराचं किट मागून आणलं. माझ्या टाकीत नायट्रेट ८०, पीएच ६.६. मी दर आठवड्याला बादली बदलतो तरी. गेल्या दोन वर्षांत माझे तीन नवे मासे आठवड्याच्या आत गेले, मी म्हणायचो मासेच कमजोर होते. क्वारंटाइनबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, पण पाण्याबद्दल तुम्ही सांगता ते खरं आहे. आजपासून मीही १० टक्के.

चिमणघास (शनिवार, रात्री ९:२०)
आज साडेतीन आठवडे झाले. वही ठेवलीय, लेक आकडे लिहिते आणि त्या त्या रंगाच्या खडूने गोल रंगवते. लाल गोल हळूहळू नारिंगी होत गेले. पीएच आठव्या दिवशी ६.४, चौदाव्या दिवशी ६.८, आता ७.४ वर थांबलाय. मध्ये पाच दिवस नायट्राइट ०.५ आलं तेव्हा पुन्हा पोटात गोळा, किमयागारांना निरोप केला, त्यांनी लिटरला १ ग्रॅम मीठ घालायला सांगितलं, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही म्हणाले. आता अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ३०. टोपीवाला पूर्वी मजेत आहे असं वाटायचं ना, तर तो मजेत नव्हता हे आता कळतंय. त्याच्या गोंड्याचा रंग पुन्हा लाल झालाय आणि वरचा पर ताठ उभा ठेवून फिरतो, मी विसरूनच गेले होते तो असा दिसायचा.

आता आणू का?

तळ्यातमळ्यात (शनिवार, रात्री ९:३४)
हेच आकडे अजून दोन आठवडे टिकू द्या. मग आणा. एकच आणि टोपीवाल्याहून फार लहान नको. कॉमेट किंवा साधा गोल्डफिश नको, ते चपळ असतात, सगळं खाणं तेच पळवतात आणि मोठे होऊन फूटभर होतात. ९० लिटर दोन फॅन्सींना (ओरांडा, फॅनटेलसारख्या गोलमटोल जातींना) तसं कमीच आहे, पहिल्याला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ४० धरतात, पण दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणार असाल तर निभेल.

आणि लक्षात घ्या, एकाचे दोन झाले म्हणजे टाकीवरचा भार दुप्पट झाला. म्हणून पहिला आठवडा खाणं निम्मं आणि रोज टेस्ट.

मत्स्यगंधा (शनिवार, रात्री ९:५०)
आणि टब!!

चिमणघास (रविवार, सकाळी १०:०५)
बरेच दिवसांनी लिहितेय. आकडे दोन आठवडे टिकले मग एक कॅलिको ओरांडा आणली, टबात ठेवली. नवव्या दिवशी सकाळी तिच्या शेपटीवर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे सहा पांढरे ठिपके. मोजले मी, सहा. संध्याकाळी अकरा. मत्स्यगंधाताईंना फोटो पाठवला, त्यांनी रात्री साडेअकराला उत्तर दिलं. मीठ तीन टप्प्यांत वाढवत लिटरला ३ ग्रॅमवर नेलं, पाणी हळूहळू २७ अंशांवर, दुसरा एअर पंप लावला कारण ऊबदार पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि तळ रोज उपसला. ठिपके पाच दिवसांत गेले तरी त्यांनी पूर्ण दोन आठवडे उपचार थांबवू दिला नाही, म्हणाल्या औषध लागू पडतं ते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना, अंगावरच्या ठिपक्याला नाही. त्यानंतर साध्या पाण्यात अजून तीन आठवडे ठेवली. टबाची जाळी, नळी, बादली काही मोठ्या टाकीजवळ नेलं नाही.

हीच सरळ टाकीत सोडली असती तर, हा विचार करून अजून अंगावर काटा येतो. ताई, तुमचे उपकार कसे फेडू.

काल रात्री सोडली. टबाचा आणि टाकीचा पीएच, तापमान दोन दिवस आधीपासून जुळवत आणलं होतं. टाकीचा दिवा बंद करून, वाडग्यातून, टबाचं पाणी टाकीत न घालता. टोपीवाला आधी लांबच राहिला. मग हळूच तिच्या मागून आला, तिच्या शेपटीला तोंड लावून बघितलं, आणि मग दोघं तळाचे खडे तोंडात घेऊन थुंकत बाजूबाजूने फिरायला लागले. टक टक असा बारीक आवाज येतो काचेवर खडा पडल्याचा. मूर गेल्यापासून तो आवाज आलाच नव्हता.

जुनाजाणता (रविवार, सकाळी १०:४०)
ताई, डोळ्यांत पाणी आलं. त्या सहा ठिपक्यांचं वाचून मी आज माळ्यावरचा जुना टब काढलाय. स्पंज टाकीत टाकून ठेवला, महिन्याने बघू. टोपीवाला तिच्या फार मागे लागत असेल तर त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर बारीक पांढरे दाणे आलेत का बघा, ते आजाराचे नव्हेत, नर माजावर आला की येतात.

चिमणघास (रविवार, सकाळी ११:१५)
आहेत काका! रांगेत आहेत, मी घाबरून पुन्हा मिठाचा डबा काढला होता. ठेवून देते.

अबोली_ (रविवार, दुपारी १२:०२)
माझी टाकी काल पहिल्यांदा २४ तासांत शून्य-शून्य आली. आज दुसरा दिवस, आजही शून्य. उद्याचं बघून मग दोन फॅनटेल.

चिमणघास, तुम्ही आता तिसरा कधी आणणार?

चिमणघास (रविवार, दुपारी १२:२०)
लेकीने सकाळीच विचारलं. तिला वही काढून दाखवली, ९० लिटर, दोन मासे, तिने स्वतःच बेरीज केली आणि म्हणाली मग नको.